हत्ती आणि अंकुश

हत्ती विकून झाल्यावर अंकुशासाठीं वाद कशाला घालावा, अशा अर्थाची एक जुनी संस्कृत म्हण आहे. ती आहे विकणाऱ्यासाठीं. मोठा व्यवहार पार पडला, आतां किरकोळ वस्तूसाठीं ताणूं नये, असा तिचा रोख आहे. मोटारविक्रीच्या दालनांत मात्र तीच म्हण घेणाऱ्याला ऐकविली जाते. साठ लाखांची गाडी घेतली, मग रंगासाठीं एक-दोन लाखांचा विचार तो काय करावयाचा? गिऱ्हाईक मान डोलावतें, आणि अंकुशामागून झूल, झुलीमागून अंबारी असा सगळा थाट त्याच्या बिलावर चढूं लागतो.

सानपाड्याला विजेच्या वाहनाचें नवल नाहीं. लोकलगाड्यांची मोठी कारशेड तेथेंच आहे. आणि बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धांवली त्या ३ फेब्रुवारी १९२५ या दिवसाला शतक उलटून गेलें. त्या गाडीच्या रंगाचे निराळे पैसे उतारूंना कोणी मागितले नाहींत. विजेच्या मोटारीची गोष्ट वेगळी आहे.

तुर्भ्याच्या घाऊक बाजारांतील एखादा अडत्या सानपाड्यांत राहतो असें समजूं. पोत्याचें वजन वजा झाल्याखेरीज तो काटा मान्य करीत नाहीं, आणि क्विंटलमागें दहा रुपयांसाठीं तासभर बोलतो. हाच गृहस्थ वांद्रे-कुर्ला संकुलांत जातो. टेस्ला कंपनीनें १५ जुलै २०२५ रोजीं तेथें आपलें भारतांतील पहिलें दालन उघडलें, तेव्हां ‘मॉडेल वाय’ गाडीची किंमत ५९ लाख ८९ हजारांपासून सुरू होत होती. करडा रंग त्या किंमतींतच मिळे. पांढऱ्या किंवा काळ्या रंगाला ९५ हजार अधिक, निळ्याला सव्वा लाख, आणि लाल किंवा रुपेरी हवा असेल तर १ लाख ८५ हजार. आंतील बैठक काळ्याऐवजीं पांढरी हवी असल्यास आणखी ९५ हजार. बाजारांत जो दहा रुपयांवर अडतो, तो येथें लाखावर कां अडत नाहीं?

या प्रश्नाचा अभ्यास आमॉस त्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनीं केला होता. त्यांनीं १९८१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा डॉलरच्या गणकयंत्रावर पांच डॉलर वांचत असतील तर वीस मिनिटें दूर असलेल्या दुकानीं जाण्यास शेंकडा ६८ लोक तयार झाले. तेच पांच डॉलर सव्वाशें डॉलरच्या वस्तूवर वांचत असतां शेंकडा २९ च तयार झाले. वांचणारी रक्कम तीच, जाण्याचे कष्टहि तेच. माणूस पैसा मोजीत नाहीं, शेजारच्या आंकड्याशीं त्याचें प्रमाण मोजतो. साठ लाखांच्या शेजारीं पावणेदोन लाख चिल्लर दिसतात. घरच्या डाळ-तांदळाच्या शेजारीं त्याच रकमेंत वर्षाचें वाणसामान येतें.

त्यांत हप्त्यांची भर. १ लाख ८५ हजारांचा रंग पांच वर्षांच्या कर्जांत, शेंकडा नऊ व्याजानें धरला, तर महिन्याला सुमारें ३,८४० रुपये पडतात. दिवसाला हे १२८ रुपये होतात, आणि विक्रेता सांगतो तो हाच शेवटचा आंकडा. पांच वर्षांचे मिळून २ लाख ३० हजारांवर जातात, हें तो सांगत नाहीं. त्याचें तें कामहि नव्हे. इकडे विम्याच्या नेहमींच्या कोष्टकाप्रमाणें चार वर्षें उलटल्यावर गाडीची धरावयाची किंमत निम्म्यावर येते. रंगाचा हप्ता मात्र शेवटपर्यंत पूर्ण भरावा लागतो.

घेणारा स्वतःहि युक्तिवाद रचतो, आणि तो विक्रेत्याच्या युक्तिवादाहून चतुर असतो. महाराष्ट्राच्या २०२५ सालच्या अंदाजपत्रकांत तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर शेंकडा सहा कर सुचविला होता. त्याच मार्चमध्यें सरकारनें तो मागें घेतला. साठ लाखांवर हा कर ३ लाख ६० हजार झाला असता. तेवढे वांचले, तेव्हां रंग आणि बैठक फुकटांतच पडली, असा हिशेब घरांत मांडला जातो. पेट्रोल वांचतें, तेंहि त्यांतच धरतात. परंतु ही सारी बचत करड्या गाडीवरहि होतेच; लाल रंगामुळें तींत एका रुपयाची भर पडत नाहीं. बचत एकदां गाडीच्या समर्थनार्थ खर्ची घातली, तीच पुन्हां बैठकीसाठीं आणि तिसऱ्यांदा रंगासाठीं काढतां येत नाहीं. अडत्यानें एकच पोतें तीन गिऱ्हाइकांना दाखविलें तर बाजारांत त्याचें काय होईल?

टोलाचेंहि तसेंच. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी मिळाली हें खरें. पण सानपाड्याचा माणूस मुंबईस जातो तो बहुधा वाशीच्या पुलानें, आणि तेथें हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्येंच रद्द झाला. पेट्रोलच्या गाडीलाहि तो नाहीं. जो टोल द्यावाच लागत नव्हता त्याची बचत जमेस धरणें म्हणजे न पेरलेल्या कांद्याचा भाव करणें होय.

याचा अर्थ अधिक पैसे देणें सर्वत्र अनाठायीं, असा नाहीं. मोठ्या पल्ल्याची ‘मॉडेल वाय’ त्या वेळीं ६७ लाख ८९ हजारांना होती. कंपनीच्या आंकड्यांप्रमाणें साधीचा पल्ला ५०० आणि हिचा ६२२ किलोमीटर. म्हणजे १२२ किलोमीटरांना आठ लाख; किलोमीटरमागें साडेसहा हजारांच्या वर. सानपाड्याहून पुणें जाऊनयेऊन अडीचशेंच्या आसपास आहे. सांगितलेल्या पल्ल्यांत तिसरा हिस्सा घट धरली तरी साध्या गाडीला तें पुरतें. ज्याचें गांव कोल्हापूरकडे आहे आणि जो दर पंधरवड्याला म्हाताऱ्या आईवडिलांना भेटावयास जातो, त्याचा हिशेब निराळा येईल, आणि त्यानें तो निःशंक मनानें मांडावा.

‘पूर्ण स्वयंचालन’ या नांवाच्या सोयीला मात्र सहा लाख मागितले जात होते, आणि चालकाचें लक्ष आवश्यक आहे, गाडी स्वतंत्रपणें चालणारी होत नाहीं, हें कंपनीच लिहीत होती. हे पैसे आश्वासनासाठीं द्यावयाचे होते. सावकारीच्या भाषेंत यास उसनें देणें म्हणतात; फक्त येथें व्याज मिळत नाहीं.

सर्वांत कमी चर्चा होते ती चार्जरची. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रच्या विजेच्या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्यें आल्या, तेव्हां सात किलोवॅटचा चार्जर पन्नास हजारांना आणि अकरा किलोवॅटचा पाऊण लाखाला होता. सात किलोवॅटचा चार्जर रात्रीच्या आठ तासांत सुमारें ५६ युनिटें देतो. युनिटास सहा किलोमीटर धरले तरी सकाळीं तीनशेंहून अधिक किलोमीटरांची सोय होते. शहरांत हिंडणाऱ्याला याहून अधिक काय हवें? पांढऱ्या बैठकीपेक्षां हा खर्च रोज उपयोगीं पडतो, पण तो पाहुण्यांना दाखवितां येत नाहीं.

मोठीं चाकेंहि अशींच दाखविण्याचीं. त्यांनीं पल्ला थोडा घटतो, आणि पावसाळ्यांतील खड्ड्यांत टायरची पातळ कड लौकर दुखावते.

हौस म्हणून लाल रंग घ्यावा, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तो रोख पैशानें घ्यावा आणि घरांत त्याला हौसच म्हणावें. बाकीच्या बाबतींत अडत्यानें आपली सवय दालनाबाहेर ठेवूं नये. गाडी घरीं आल्यावर सहा महिन्यांनीं मिळूं शकेल अशी वस्तु कोणती, आणि त्याच दिवशीं न घेतल्यास कायमची हुकेल अशी कोणती, हें आधीं वेगळें काढावें. गाडीवर रंगीत आवरण मागाहून चढवितां येतें. स्वयंचालनाची सोयहि मागाहून घेतां येते. बॅटरी मात्र सहसा बदलून मोठी बसवितां येत नाहीं, तेव्हां तिचा निर्णय पहिल्याच दिवशीं व्हावा. आणि सोसायटीच्या वाहनतळांत आपल्या मीटरपासून तार आणावयाची असेल तर समितीची लेखी संमति गाडीची नोंदणी करण्यापूर्वींच मिळवावी.