मे महिन्यातल्या बॅगा

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. गळ्यातली कॉलर, कोटावरची पिन आणि सभेची घंटा त्या सुमारास एका अध्यक्षाकडून दुसऱ्याकडे जातात. अध्यक्ष कितीही हौशी असो, त्याला मिळतात बाराच महिने. ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबई इथले क्लब रोटरीच्या दप्तरी डिस्ट्रिक्ट ३१४२ मध्ये मोडतात. जुलैत इकडच्या हॉलवाल्यांना पदग्रहण सोहळ्यांचा चांगला हंगाम असतो. नावाआधी 'रो.' लावलेल्या निमंत्रणपत्रिका निघतात, मंचावर पाहुणे बसतात आणि नवा अध्यक्ष वर्षाचे संकल्प वाचून दाखवतो. त्यात झाडं असतात, शाळांना संगणक असतात आणि रक्तदान शिबिर असतंच असतं. ते बहुधा १५ ऑगस्टला उरकतात. उत्साह ताजा असतो, झेंडावंदनाला माणसं जमलेलीच असतात, शिवाय वर्षाच्या सुरुवातीलाच अहवालात एक घसघशीत आकडा पडतो.

रक्ताला या पंचांगाशी काही देणंघेणं नाही. गोठू नये म्हणून बॅगेत सीपीडीए-१ नावाचं द्रावण घातलेलं असतं. त्या बॅगेतलं रक्त २ ते ६ अंश सेल्सियसला ३५ दिवस टिकतं. लाल पेशी वेगळ्या काढून त्यांना पोषक द्रावण दिलं, तर ४२ दिवस. म्हणजे १५ ऑगस्टला घेतलेली साधी बॅग १९ सप्टेंबरपर्यंत वापरली नाही तर बाद. १५ ऑगस्टच्या एका दिवशी आपल्याकडे जवळपास प्रत्येक वॉर्डात शिबिर असतं. नेत्यांच्या वाढदिवसांना तर विचारूच नका. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, त्यामुळे एनएसएसची शिबिरं नाहीत, अर्धी डोंबिवली कोकणात गावी, उरलेली उकाड्याने हैराण. तेव्हा रक्तपेढीचा फ्रिज उघडून बघावा. ऑपरेशनं मेमध्ये थांबत नाहीत. बाळंतपणंही थांबत नाहीत.

शेजारच्या उल्हासनगरात हे सगळ्यांत जास्त जाणवतं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. थॅलेसेमियाचा जनुकीय दोष सिंधी समाजात इतरांपेक्षा जास्त आढळतो. या आजाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही जन्मभर. त्यांच्या आयांना रक्तपेढीचं वेळापत्रक आपल्याला लोकलचं असतं तसं पाठ असतं.

डोंबिवली पूर्वेतल्या एका रोटरी क्लबाने हा गुंता आपल्यापुरता सोडवला आहे. त्यांचं शिबिर मेच्या शेवटच्या रविवारी असतं. त्या वेळी मावळता अध्यक्ष दमलेला असतो आणि उगवता अध्यक्ष आपल्या संघाची जुळवाजुळव करत असतो. श्रेय कोणाच्या वर्षात धरायचं, हा प्रश्न त्यामुळे फारसा उरत नाही. २०२५ साली तो रविवार २५ तारखेला आला. दुसऱ्याच दिवशी पाऊस मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. आदल्या दिवसापासूनच आभाळ भरलेलं होतं आणि छत्र्या माळ्यावरून काढाव्या की नाही याची चर्चा सुरू होती. शाळेच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये नोंदणीच्या टेबलाशी मी बसलो होतो. फॉर्म वाटणं एवढंच माझं काम.

रोटरीची स्थापना २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत झाली. चार संस्थापकांपैकी पॉल हॅरिस वकील होता. बाकीच्या तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. एका क्लबात एका धंद्याचा एकच माणूस, हा तेव्हाचा दंडक. आता तो बराच सैल झाला आहे, तरी शिबिराच्या दिवशी त्याचा उपयोग दिसतो. फॉर्म छापणारा प्रेसवाला क्लबातलाच, मांडववाला क्लबातला, उपमा आणि कॉफी पाठवणारा केटरर क्लबातला. एमआयडीसीत छोटा कारखाना असलेल्या सदस्याचा टेम्पो खाटा आणायला येतो. सीए असलेले काका कुपनं मोजतात, आणि ती अशी मोजतात की एक कूपन कमी पडलं तर केटररलाही घाम फुटावा. लग्नाच्या घरातही एवढ्या सहजपणे कामं वाटली जात नाहीत.

बायकांची संख्या मात्र अजून म्हणावी तितकी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली निकाल दिला आणि मग १९८९ साली रोटरीने आपले नियम बदलले. त्याआधी बायका सदस्य होऊच शकत नव्हत्या. या क्लबात आज डॉक्टर, वकील, क्लासचालक अशा काही जणी आहेत आणि शिबिराची सगळी सूत्रं त्यांच्यातल्याच एकीकडे असतात. तिला सगळे 'मॅडम' म्हणतात, अध्यक्षसुद्धा.

नऊ वाजता रक्तपेढीची गाडी आली. टेक्निशियन, डॉक्टर, पीआरओ, थंड पेट्या आणि बॅग हलवत ठेवणारी वजनयंत्रं असा सगळा सरंजाम. कामाला सुरुवात होते बोटावरच्या टोचणीने. रक्ताचा एक थेंब निळ्या कॉपर सल्फेटमध्ये सोडतात. तो पंधरा सेकंदांत तळाला गेला, तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे असं धरतात. वरच तरंगत राहिला, तर माणूस बाद. ठोकताळ्याची ही पद्धत जुनी आहे. आता छोटी यंत्रं निघाली आहेत, पण रांग मोठी असली की टेक्निशियनचा हात निळ्या काचेकडेच जातो. तो थेंब बघायला रांगेतली माणसं मान वाकवून उभी राहतात.

माझ्या टेबलावरून सगळ्यांत जास्त दिसली ती परत जाणारी माणसं. शिबिराच्या बातमीत त्यांचा उल्लेख कधीच नसतो. वजन ४५ किलोच्या आत असलेली कॉलेजची मुलगी. दहा महिन्यांपूर्वी दंडावर टॅटू गोंदवलेला जिमवाला तरुण. टॅटूनंतर बारा महिने थांबावं लागतं, हे त्याला टॅटूवाल्याने सांगितलं नव्हतं. रात्री मित्राच्या हळदीला बसलेला एक जण तर डॉक्टरांनी विचारायच्या आतच हसून मागे फिरला. बायका बाद होतात त्या बहुतेक हिमोग्लोबिनमुळे. "घरात सगळ्यांना बीट खायला घालते मी," एक ताई म्हणाल्या. मॅडमनी त्यांना बाजूला बसवलं, कॉफी दिली आणि लोहाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलायला लावलं. बाद झालेल्यांना कॉफी देणं हा या क्लबाचा नियम आहे. बाकी शिबिरांत मी तो पाहिलेला नाही. रक्त दिलं नाही तर कूपन नाही, इतका साधा हिशेब असतो.

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ साडेदहाला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वय ६२. रक्त ६५ पर्यंत देता येतं, हे त्यांनी वाचलं होतं आणि ते बरोबरच होतं. पण पहिल्यांदाच देणाऱ्याला मर्यादा ६० ची. आयुष्यभर सकाळची लोकल पकडली, सुट्टीच मिळाली नाही, आता वेळ आहे तर वय गेलं, असं ते शांतपणे म्हणाले. डॉक्टर ओशाळले, तरी नियम नियमच. गृहस्थ घरी गेले नाहीत. दोन वाजेपर्यंत कॉटवरून उठणाऱ्यांना हाताला धरून कॉफीच्या टेबलापर्यंत नेण्याचं काम त्यांनी केलं.

दोघीजणींची गोष्ट मात्र गमतीची झाली. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवस जाऊ द्यावे लागतात, बायकांना १२०. २६ जानेवारीच्या शिबिरात रक्त दिलेल्यांची यादी मॅडमकडे होती. पुरुष २६ एप्रिललाच मोकळे झाले होते. बायकांचे १२० दिवस भरतात २६ मेला. शिबिर होतं २५ ला. एक दिवस कमी! त्या दोघी आग्रहाने आल्या होत्या, डॉक्टर मानेनात. "उद्या पेढीवर येऊन द्या," ते म्हणाले. मॅडमनी डायरीत लिहून घेतलं आणि २०२६ च्या पानावर मेचा शेवटचा रविवार तपासला. तो ३१ तारखेला येत होता. मला वाटतं, क्लबाने त्या दिवशी केलेलं सगळ्यांत महत्त्वाचं काम ते होतं.

कॉटवरचा भाग अगदी थोडक्यात आटपतो. दंडाला पट्टा, मुठीत स्पंजचा बॉल, जाड सुई, आणि सहा-सात मिनिटांत ३५० मिलिलिटर. वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५०. रक्तातलं पाणी दिवस-दोन दिवसांत भरून निघतं, लाल पेशींना काही आठवडे लागतात. खरी घाई त्यानंतर असते. प्लेटलेट वेगळ्या काढायच्या असतील, तर रक्त थंड न करता, सहा ते आठ तासांच्या आत यंत्रावर जायला हवं. प्लेटलेट २० ते २४ अंशांना सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि टिकतात फक्त पाच दिवस. त्यामुळे बारा वाजता पीआरओने बॅगांची पहिली खेप गाडीत घालून पाठवून दिली. कल्याण-शीळ रस्त्याचं काही सांगता येत नाही, एवढंच तो म्हणाला, आणि तेवढं पुरेसं होतं.

जुन्या सदस्यांना शिबिराच्या दिवशी पोलिओ आठवतो. रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्धचं काम अंगावर घेतलं. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. स्टेशनबाहेर, मंदिराबाहेर बूथवर हे लोक पिवळे बिल्ले लावून बसत, बाळांच्या करंगळीवर शाई लावत. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. इतक्या वर्षांत प्रत्येक क्लबात कितीतरी अध्यक्ष झाले. काम टिकलं, कारण तारीख सरकार ठरवत होतं, अध्यक्षाच्या हातात ती नव्हती. क्लबांना एरवी प्रकल्पाला नाव द्यायची, फलक लावायची आणि पुढच्या वर्षी तोच प्रकल्प विसरायची मोठी खोड असते. बाकड्यांवरची नावं वाचत कुठल्याही उद्यानात फिरा, माझं म्हणणं पटेल.

दोन वाजता मोजदाद झाली. बॅगा सत्तरच्या आसपास भरल्या. ऑगस्टमध्ये याच हॉलमध्ये कोणी शिबिर घेतलं असतं, तर आकडा याच्या दुप्पट-तिप्पट झाला असता आणि वर्तमानपत्रात फोटोही आला असता. मावळत्या अध्यक्षांनी तो आकडा क्लबाच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठे आणि जोडलेले हात यांची रांग लागली. डिस्ट्रिक्टच्या अहवालात हा आकडा कुठल्या रकान्यात जातो, ते सीए काकांना विचारलं. ते म्हणाले, "जूनमध्ये कोण वाचतंय?"

ऑगस्टमध्ये व्हायचं तेच झालं. एका नगरसेवकपदाच्या इच्छुकाचा कार्यकर्ता क्लबातल्या टेम्पोवाल्या सदस्याकडे आला.

"काका, पंधरा तारखेला आपलं शिबिर आहे. तुमची माणसं पाठवा."

"नाही जमणार रे. ८२ दिवसच होतायत."

"आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

"डॉक्टर बाद करेल. मग तूच म्हणशील, काकांनी आजारी माणसं पाठवली."

मेमध्ये रक्त दिलेल्या पुरुषांचे ९० दिवस २३ ऑगस्टला भरत होते. रक्तपेढीला ते हवंच होतं. डेंग्यूचे दिवस, प्लेटलेटची मागणी वाढलेली, आणि पंधरा ऑगस्टला निघालेल्या प्लेटलेट एव्हाना संपून गेलेल्या. पीआरओने २४ च्या रविवारी त्या सगळ्यांना पेढीवर बोलवायचं ठरवलं आणि नव्या अध्यक्षांकडे नावं मागितली. पण २७ ला गणेश चतुर्थी होती. मॅडम यादी घेऊन फोनवर बसल्या. कोकणकन्याची तिकिटं, तुतारीची तिकिटं, एसटीच्या जादा गाड्या, स्वतःच्या गाडीने पहाटे तीनला निघणारे. निम्म्याहून अधिक नावांपुढे 'गावी' असं लिहिलं गेलं. उरलेल्यांना त्यांनी वेळ विचारली. पेढीवर एका वेळी चारच कॉट असतात, म्हणून दर अर्ध्या तासाला चौघे अशी नावं त्यांनी मांडायला घेतली.