ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आणि आपले गैरसमज

दर वर्षी ख्रिस्ती ओळखीच्यांना ‘हॅपी गुड फ्रायडे’ असा संदेश पाठवणारे पुष्कळ असतात. हेतू चांगलाच असतो, पण तो दिवस येशूच्या क्रुसावरच्या मरणाचा. कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा, म्हणजे नेहमीची मुख्य उपासनाही होत नाही. वेदीवरचे कापड, मेणबत्त्या सगळे काढून ठेवलेले असते आणि घराघरांत उपवास असतो. शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती उजळते आणि तिच्यावरून एकेकाच्या हातातली. शुभेच्छा द्यायच्या त्या ईस्टरच्या.

नाताळ हाच सर्वांत मोठा सण, ही समजूत रोषणाई आणि केक पाहून झालेली आहे. श्रद्धेच्या दृष्टीने मान ईस्टरचा. क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, यावर सगळी इमारत उभी आहे. हे पुनरुत्थान झालेच नसेल, तर आपल्या उपदेशाला आणि तुमच्या विश्वासाला काही अर्थ नाही, असे संत पौलाने करिंथच्या मंडळीला इ.स. 55च्या सुमारास कळवले होते. स्वतःच्या धर्माची बाजू इतक्या उघडपणे पणाला लावणारे लिखाण विरळाच.

येशूला देवपण दिले ते कॉन्स्टंटाइन बादशहाने, असेही ठामपणे सांगितले जाते. सन 325मध्ये, आजच्या तुर्कस्तानातील नायसिया येथे त्याने बिशपांची परिषद बोलावली, हे खरे. पण येशू निव्वळ माणूस होता की नाही, हा तिथला वादच नव्हता. एरियस नावाच्या धर्मगुरूचे म्हणणे होते की पुत्र, म्हणजे येशू, सर्व सृष्टीहून श्रेष्ठ खरा, पण तोही निर्माण केलेला. परिषदेने ते नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. येशूला प्रभू म्हणून भजणारी पौलाची पत्रे त्याआधी अडीचशेहून अधिक वर्षे वाचली जात होती.

मग ख्रिस्ती लोक तीन देव मानतात का? नाही. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण ईश्वरत्व एक. याला पवित्र त्रैक्य म्हणतात. हे बुद्धीला अवघड आहे, आणि ते रहस्य आहे असे चर्च स्वतःच सांगते. येशूची आई मरिया हिचा त्यात समावेश नाही. कॅथलिक तिचा सन्मान करतात, आपल्यासाठी प्रार्थना कर असे तिला विनवतात, आराधना मात्र फक्त देवाची. प्रोटेस्टंट तर तिला विनवणीही करत नाहीत. पोप नववे पायस यांनी 1854 साली जाहीर केलेला निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांतही येशूच्या कुमारीजन्माविषयी नाही. मरिया स्वतः आईच्या उदरात आली तेव्हापासूनच आदिपापापासून, म्हणजे माणसाला जन्मतः लागलेल्या पापापासून, मुक्त होती, असे तो सांगतो.

सर्वांत जास्त अन्याय करणारा गैरसमज पापक्षमेबद्दलचा आहे: पाप करा, धर्मगुरूला सांगा, मोकळे व्हा. तारण देवाच्या कृपेने मिळते, ते कमावता येत नाही, हे ख्रिस्ती श्रद्धेचे हृदय आहे. पण कृपा म्हणजे सूट नव्हे. मनापासून पश्चात्ताप आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चय नसेल, तर कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे पापनिवेदन पोकळ ठरते. चोरलेले परतही करावे लागते. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय पाहा. यरीहोचा हा धनाढ्य जकातदार येशूला पाहण्यासाठी उंबरावर चढला. येशू आपणहून त्याच्या घरी उतरला. त्याने कोणतीही अट घातली नव्हती, तरी जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेल्याची चौपट भरपाई कबूल केली. कृपा आधी, बदल नंतर. हा क्रम ध्यानात घेतला की निम्मे गैरसमज गळून पडतात.

ऐकीव माहितीवर विसंबू नका. लूकचे शुभवर्तमान अवघे 24 अध्यायांचे आहे आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मध्ये ते सोप्या मराठीत मिळते. ते एकदा स्वतः वाचा, मग पटो वा न पटो.