कुरळे केस गळत नाहीत, म्हणूनच निगा अधिक!

प्रतिनिधी, नागपूर

उन्हाळ्याची चाहूल लागली की हुडकेश्वर, मानेवाडा, म्हाळगीनगर या दक्षिण नागपुरातील वसाहतींमध्ये कूलरच्या ताट्या बदलण्याची लगबग सुरू होते. त्याच सुमारास घरातल्या केसाळ कुत्र्याचे केस मुळापासून काढून टाकावेत काय, असा प्रश्नही श्वानप्रेमींना पडतो. कुत्र्याला आपल्यासारखेच उकडत असेल, ही त्यामागची भावना प्रामाणिक असते. मात्र सर्वच श्वानांच्या केसांची जात एक नसते. त्यातही पूडल, बिशाँ फ्रीझे आणि पूडलच्या संकरातून जन्मलेली 'डूडल' पिल्ले यांचे कुरळे केस इतरांहून अगदी वेगळे वागतात. त्यांची निगा हा केवळ सौंदर्याचा नव्हे, तर आरोग्याचा प्रश्न आहे.

कुरळेपणाचे मूळ

श्वानांच्या केसांत एवढी विविधता का दिसते, याचे उत्तर २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिले. ८० जातींच्या सुमारे एक हजार श्वानांची जनुकीय तपासणी केल्यावर केवळ तीन जनुकांतील बदलांमुळे बहुतेक प्रकार घडत असल्याचे आढळले. एका जनुकामुळे केसांची लांबी ठरते, दुसऱ्यामुळे तोंडावर मिशा-भुवयांचे झुपके येतात, तर 'केआरटी-७१' या तिसऱ्या जनुकामुळे केसांना कुरळेपणा येतो.

लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे राठ केस आणि आतली मऊ लव. ती ठरावीक काळाने गळते आणि घरभर पसरते. पूडलसारख्या श्वानाला असा दुहेरी थर नसतो. त्याचा केस माणसाच्या डोक्यावरील केसाप्रमाणे दीर्घकाळ वाढत राहतो. तोही गळतो, पण जमिनीवर पडत नाही. शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून बसतो. 'हा कुत्रा केस गाळत नाही' या ज्या गुणावर भाळून पिल्लू घरी आणले जाते, तोच गुण मालकाचे काम वाढवतो.

जटा कशा तयार होतात?

अडकलेल्या मृत केसांत धूळ, त्वचेचा तेलकटपणा आणि ओलावा मिसळला की गाठी पडतात. पट्ट्याखाली, कानांमागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि पंजांच्या बोटांमध्ये त्या आधी होतात, कारण तेथे घर्षण अधिक असते. वेळीच सोडवल्या नाहीत तर गाठींच्या जटा होतात. जट त्वचेला सतत ओढत राहते. चालताना, बसताना कुत्र्याला वेदना होतात. खाली हवा पोहोचत नाही, त्वचा ओलसर राहते आणि तेथे जखमा किंवा जंतुसंसर्ग होतो. कुत्रा एकाएकी चिडका झाला, अंगाला हात लावू देईना, तर त्याचे कारण अनेकदा अशा जटांमध्ये दडलेले असते.

फसगत होते ती येथेच. वरून ब्रश फिरवला की केस मऊ, फुललेले दिसतात. आत त्वचेलगत मात्र नमद्यासारखा थर जमलेला असतो. यावर साधी कसोटी म्हणजे लोखंडी दातांचा कंगवा. केसांचे भाग पाडून कंगवा त्वचेपासून टोकापर्यंत न अडखळता फिरला, तरच विंचरणे पूर्ण झाले असे समजावे. हे काम रोज, निदान एक दिवसाआड करावे लागते. पिल्लू साधारण नऊ ते बारा महिन्यांचे होताना त्याचे बाळकेस जाऊन प्रौढ केस येतात. या काळात गुंता सर्वाधिक होतो. तोपर्यंत सोपे वाटणारे काम अचानक अवघड होते, ते यामुळेच.

आंघोळीआधी कंगवा

'मळला आहे, आधी आंघोळ घालू, मग विंचरू' हा क्रम उलटा आहे. गाठ भिजली की आवळते आणि सुकल्यावर अधिक घट्ट होते. म्हणून पूर्ण विंचरून झाल्यावरच पाणी घालावे. तीन ते चार आठवड्यांतून एक आंघोळ पुरेशी असते. माणसाचा शाम्पू किंवा अंगाचा साबण वापरू नये. माणसाची त्वचा आम्लधर्मी, तर कुत्र्याची उदासीनतेकडे झुकणारी असते, शिवाय ती पातळही असते. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत साबणाचा थर केसांवर राहून जातो, त्यामुळे केस अधिक वेळ खळखळून धुवावे लागतात.

धुण्याइतकेच वाळवणेही महत्त्वाचे. उन्हाळ्यात ओल्या कुत्र्याला कूलरसमोर बसवण्याचा मोह होतो. पण कूलरची हवा दमट असल्याने कुरळ्या केसांच्या आतला भाग तासन्‌तास ओला राहतो. जाड टॉवेलने ओलावा टिपून घ्यावा, घासू नये. नंतर पंख्याखाली किंवा ड्रायरच्या थंड झोतात विंचरत वाळवावे.

'टक्कल' नको, आखूड केस हवेत

मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. नवतपाच्या दिवसांत ४५ अंशांचा आकडा नागपूरकरांना नवा नाही. कुत्र्याचे शरीर घामाने थंड होत नाही. त्याच्या पंजांच्या गाद्यांनाच काय तो घाम येतो. उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणे. जटांनी झाकलेल्या अंगाला वाऱ्याचाही उपयोग होत नाही.

म्हणून कुरळ्या केसांच्या श्वानाचे केस उन्हाळ्यात कापणे योग्यच. मात्र त्वचा उघडी पाडू नये. सुमारे एक इंच केस राखल्यास हवा खेळते आणि त्वचेला उन्हापासून संरक्षणही मिळते. एरवीही सहा ते आठ आठवड्यांनी केस कापावे लागतात. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड किंवा पॉमेरेनियनला मात्र हा नियम लागू नाही. त्यांच्या दुहेरी थरावर मशीन फिरवू नये. आतली गळकी लव विंचरून काढणे एवढेच त्यांच्यासाठी पुरेसे असते.

केस कोणतेही असोत, दुपारचे फिरणे टाळणे, सावली व पाणी याला पर्याय नाही. श्वानाचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की जिवाला धोका निर्माण होतो. जोरजोराने धापा, घट्ट लाळ, लडखडणे अशी लक्षणे दिसताच साध्या पाण्याने अंग भिजवून वारा घालावा आणि तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे.

पावसाळ्यातील छुपे शत्रू

पावसाळ्यात धोका बदलतो. मोकळे प्लॉट आणि त्यांवर वाढलेले गवत यांतून फिरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड चढतात. आखूड केसांच्या देशी कुत्र्यावर ते चटकन दिसतात. कुरळ्या केसांत आठवडाभरही नजरेस पडत नाहीत. गोचिडांमुळे पसरणारे एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस हे आजार प्राणघातक ठरू शकतात. ताप, सुस्ती, भूक मंदावणे, हिरड्या पांढुरक्या पडणे ही त्यांची लक्षणे. रोजचा कंगवा हीच रोजची तपासणी ठरते. त्याच्या जोडीला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोचीडनाशक औषध द्यावे.

लोंबते, केसाळ कान हाही नाजूक भाग. श्वानाची कर्णनलिका इंग्रजी 'एल' अक्षरासारखी वळलेली असल्याने आत गेलेले पाणी सहज निघत नाही. दुर्गंधी, लाली किंवा सतत मान झटकणे दिसल्यास घरगुती उपचार करू नयेत.

कात्री चालवण्यापूर्वी

जट कात्रीने कापणे धोक्याचे असते. जटेसोबत त्वचाही वर ओढली गेलेली असते आणि केसांऐवजी तीच कापली जाते. अशा वेळी मशीनने त्वचेलगत केस काढणे हाच सुरक्षित मार्ग. मशीनचे पाते तापत नाही ना, हे मधूनमधून हाताला लावून पाहावे. जटा सर्वांगावर असतील, खाली जखमा असतील किंवा कुत्रा वेदनेने चावू लागला असेल, तर हे काम पशुवैद्यकाचे आहे. सेमिनरी हिल्स येथील, १९५८ साली स्थापन झालेल्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात लहान प्राण्यांवर उपचारांची सोय आहे. हुडकेश्वरहून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्याने जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांकही हाताशी ठेवावा.

पिल्लू आणण्यापूर्वी

केस न गळणाऱ्या श्वानाची ॲलर्जी होत नाही, या समजुतीने अनेकजण ही जात निवडतात. १९८९ साली ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्रेडॉर आणि पूडल यांचा संकर घडवला, तोही ॲलर्जी असलेल्या घरातील अंध व्यक्तीला मार्गदर्शक श्वान मिळावा म्हणून. मात्र ॲलर्जी घडवणारी प्रथिने श्वानाच्या लाळेत आणि त्वचेत असतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात तथाकथित ॲलर्जीमुक्त जातींच्या केसांवर अशा प्रथिनाचे प्रमाण उलट अधिक आढळले होते. त्यामुळे घरात कोणाला दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल, तर आधी त्या श्वानाच्या सहवासात काही वेळ घालवून पाहणे शहाणपणाचे.

शेवटी हिशेब वेळेचा आहे. दररोज वीस-पंचवीस मिनिटे विंचरण्यासाठी देणे ज्या घराला शक्य आहे, त्या घरात कुरळ्या केसांचा श्वान सुखाने नांदतो. ते शक्य नसेल, तर केस कायम आखूड ठेवणे हाही सन्मानाचा मार्ग आहे. शोभा थोडी कमी होईल, पण मुक्या जिवाची ओढाताण टळेल. दोन्ही जमणार नसेल, तर आखूड केसांचा आणि इथल्या हवेला सरावलेला देशी श्वान या गावाला अधिक मानवतो, याचा विचार पिल्लू पसंत करण्याआधीच व्हायला हवा.