छोटं लग्न: ऐकीव काय, खरं काय

लग्न छोटं करायचं ठरलं की घरात आधी पैशांचा विषय निघत नाही. 'असं चालतं का?' हा प्रश्न निघतो. मुहूर्त नसेल तर चालतं का, मंगल कार्यालय न घेता चालतं का, नुसती सही केली तर चालतं का, मुलाच्या आत्याच्या सासरच्यांना सांगितलं नाही तर चालतं का. यातला एक प्रश्न धर्मविधीचा आहे, एक सोयीचा, एक कायद्याचा आणि शेवटचा नात्यांचा. चारही एका दमात विचारले जातात आणि चारहींना 'आपल्यात तशी पद्धत नाही' हे एकच उत्तर मिळतं. मग चाळीस माणसांत लग्न करायला निघालेली मुलं दमतात आणि चारशे पत्रिका छापतात. मला याचं वाईट वाटतं, कारण लग्नाला खरोखर लागणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. ज्या लागतात त्या मात्र चुकवून चालत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

'हार घातले, फोटो काढले, नोंदणी केली. झालं लग्न.'

साधेपणाच्या ओढीत सर्वांत जास्त जोडपी इथे फसतात. हिंदू विवाह कायदा १९५५चा. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शीख आणि लिंगायतही त्यात येतात. त्याचं कलम ७ सांगतं की वर किंवा वधू यांपैकी एकाकडच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत. त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. नोंदणी येते त्यानंतर. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत गावात ग्रामपंचायतीत किंवा शहरात महापालिकेच्या कार्यालयात नोंद करायची असते. त्या अर्जात लग्नाची तारीख आणि ठिकाण विचारतात, तीन साक्षीदार मागतात, विधी करणाऱ्याची सही मागतात. म्हणजे ती आधीच झालेल्या लग्नाची नोंद असते. तिथे लग्न लावलं जात नाही.

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं. जोडप्याने विधी केलेच नव्हते. एका संस्थेकडून प्रमाणपत्र घेतलं होतं आणि त्याच्या आधारे सरकारी नोंदणी करून घेतली होती. न्यायालयाने स्पष्ट केलं की विधीच झाला नसेल तर नोंदणीचा कागद हिंदू विवाह कायद्याखाली विवाह निर्माण करू शकत नाही. ते लग्न झालंच नव्हतं, असा निर्णय लागला. व्हिसाच्या घाईत 'आधी कागद करून ठेवू, लग्न डिसेंबरात' म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

उलट बाजूचा गैरसमजही आहे. नोंदणी राहून गेली म्हणून नीट विधी झालेलं लग्न रद्द होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ मध्येच तसं म्हटलं आहे. तरी नोंदणी करावीच. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाह नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले, ते मुख्यतः बायकांच्या हक्कांसाठी. पुढे पोटगी, वारसा किंवा नवऱ्याने केलेलं दुसरं लग्न असा प्रश्न उभा राहिला, तर तो कागदच तिच्या हातात असतो.

मग ज्यांना होम नको, कन्यादान नको, आपल्याच शब्दांत एकमेकांना वचन द्यायचं आहे, त्यांनी काय करायचं? तमिळनाडूत १९६७ सालीच हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. आप्तांसमोर एकमेकांचा स्वीकार करून हार घातले, अंगठी घातली किंवा ताली, म्हणजे तिथलं मंगळसूत्र, बांधली तरी तिथे हिंदू विवाह पूर्ण होतो, पुरोहित लागत नाही. महाराष्ट्रात तशी तरतूद नाही. आपल्याकडे त्यासाठी १९५४चा विशेष विवाह कायदा आहे, आणि त्याच्याबद्दलचे गैरसमज तर मोजण्यापलीकडचे.

तो फक्त आंतरधर्मीय जोडप्यांसाठी आहे असं मानतात. तसं नाही, एकाच धर्माची, एकाच जातीची, दोन्ही घरांची संमती असलेली मुलंही त्याखाली लग्न करतात. 'कोर्ट मॅरेज' म्हणतात म्हणून न्यायाधीश, वकील आणि कज्जे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात ते काम नोंदणी व मुद्रांक विभागातल्या विवाह अधिकाऱ्याचं असतं आणि न्यायालयाशी त्याचा संबंध नसतो. सरकारी शुल्क मामुली आहे. त्याच कामाचे एजंट हजारो रुपये सांगतात, ते द्यायची गरज नाही.

'नोटीस घरी जाते' ही भीतीही खूप ऐकू येते. कायद्याप्रमाणे जोडप्याने लग्नाआधी द्यायची ही नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि दोघांपैकी एक जण दुसऱ्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी असेल तर तिथल्या कार्यालयातही. आईवडिलांच्या पत्त्यावर पाठवा, असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. हरकत घेता येते, पण तीही ठरावीक कारणांवर: दोघांपैकी कुणाचा आधीचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, संमती देण्याइतकी मनाची अवस्था नाही, किंवा नातं निषिद्ध आहे. जात, धर्म, पगार, 'आम्हाला पसंत नाही' ही कारणं त्यात नाहीत. आते-मामे भावंडांचं लग्न आपल्याकडे अनेक समाजांत रूढ आहे, पण या कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत ते येतं. तसं स्थळ असेल तर आधी कार्यालयात चौकशी करावी.

'या कायद्याने लग्न केलं की वडिलोपार्जित इस्टेटीतून नाव जातं' हे वाक्य मी शिकलेल्या घरांत ऐकलं आहे. मूळ कायद्यात त्याला थोडा आधार होता. लग्न करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरलं जाई आणि वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरे. १९७६च्या दुरुस्तीनंतर दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर त्या तरतुदी त्यांना लागू होत नाहीत. जवळपास पन्नास वर्षं झाली, तरी ही भीती घरोघर जिवंत आहे.

तारखांचं गणित मात्र पक्कं हवं. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेला असावा लागतो. नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं; नाही तर पुन्हा नोटीस. म्हणून ठरलेल्या दिवसाच्या साधारण दोन महिने आधी नोटीस द्यावी. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात.

आणि ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगतो आहे ती कलम १२ मध्ये आहे. हे लग्न कार्यालयातच लागलं पाहिजे असं नाही. जादा शुल्क भरलं तर वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागी, म्हणजे तुमच्या घरीही, ते लागू शकतं. पद्धत कोणती ठेवायची तेही जोडप्याने ठरवायचं. अट एकच: दोघांनी अधिकारी आणि साक्षीदारांसमोर, आपल्याला समजणाऱ्या भाषेत, मी तुझा पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो किंवा करते, असं म्हणायचं. बाकी गच्चीवर करा, आजीच्या अंगणात करा, आवडत्या कविता वाचा, गाणं म्हणा. ज्या कायद्याला लोक रुक्ष समजतात त्याने सर्वांत जास्त मोकळीक दिली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांच्या दिल्लीच्या निवासस्थानी नोंदणी पद्धतीने झाला. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचा १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत, सुनीताबाईंच्या माहेरच्या घरी, तसाच झाला. तेव्हा तर १९५४चा कायदाही नव्हता.

'साधं लग्न हे शहरी मुलांचं नवं खूळ आहे.'

जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवायचं पहिलं लग्न पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी लावलं. जोतीरावांनी त्यासाठी मराठीत मंगलाष्टकं रचली आणि ती वधूवरांनी स्वतः एकमेकांना उद्देशून म्हणायची ठेवली. बाबासाहेबांनी ४ डिसेंबर १९५६ च्या, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधीच्या पत्रात बौद्ध विवाहविधी सांगितला आहे. तिथे होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये पाण्याने भरलेलं नवं मडकं, त्यात सोडलेल्या सुती दोऱ्याचं एकेक टोक दोघांच्या हातात, अंगावर पांढरे कपडे आणि मंगलसुत्ताचं पठण. इतकंच. मोठमोठ्या मिरवणुका काढणाऱ्यांनाही परंपरा म्हणून हे दाखवता येईल. गावाकडे 'यादी पे शादी' म्हणतात, म्हणजे देण्याघेण्याच्या याद्या करायला जमलेल्या माणसांतच अक्षता टाकून मोकळं होणं. साखरपुड्यातच लग्न उरकण्याची रीतही शेतकरी घरांतली आहे, दुष्काळाच्या वर्षी तर हमखास. त्यात शहाणपण आहे, कमीपणा नाही.

वैदिक पद्धत हवी असणाऱ्यांनाही दिवसभराचा कार्यक्रम आवश्यक नाही. विवाहहोम, पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी हा गाभा शांतपणे केला तरी दीड-दोन तासांत होतो. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने प्रत्येक विधीचा मराठीत अर्थ सांगत लग्न लावण्याची पद्धत रूढ केली आणि स्त्री पुरोहितही घडवल्या. आपण काय वचन देतो आहोत हे त्या दोघांना कळलं पाहिजे, यासारखी दुसरी वैयक्तिक गोष्ट लग्नात नाही. मोठ्या हॉलमध्ये सप्तपदीच्या वेळी पाहुणे जेवणाच्या रांगेत असतात. छोट्या लग्नात ते बघतात, ऐकतात.

स्वतः रचलेल्या विधीने लग्न करायचं असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे. सही विशेष विवाह कायद्याखाली करा. मग विधीच्या रूपावरून उद्या कुणाला प्रश्न काढता येणार नाही.

'माणसं कमी म्हणजे खर्च आपोआप कमी.'

होत नाही. समजा ताटाला ४५० रुपये आणि ६०० माणसं, म्हणजे २,७०,००० रुपये. आता ६० माणसांना कोकणातल्या रिसॉर्टवर दोन रात्री नेलं, खोलीला रात्रीचे ५,००० रुपये आणि ३० खोल्या धरल्या, तर नुसतं राहण्याचंच ३,००,००० होतं, जेवण वेगळं. अनेक मंगल कार्यालयांत ताटांची किमान संख्या ठरलेली असते. ती २०० असेल तर ६० माणसं येऊनही बिल ९०,००० चं. फोटोग्राफर आणि सजावटवाला माणसं मोजून पैसे घेत नाहीत. म्हणून छोटं आणि साधं या दोन गोष्टी वेगळ्या ठरवाव्या लागतात. साधेपणा हवा असेल तर घर, सोसायटीचा छोटा हॉल किंवा शाळेचं सभागृह बघावं, आचारी स्वतः ठरवावा आणि पंगत वाढायला भाचे-पुतणे घ्यावेत. वाचलेला पैसा एकाच गोष्टीवर मनापासून खर्च करावा. कुणी चांगल्या जेवणावर करील, कुणी गायकावर, कुणी आजीला गावाहून आरामात गाडीने आणण्यावर.

मुहूर्ताचं थोडक्यात. तुळशीच्या लग्नानंतरच लग्नं होतात ही रूढी आहे, कायदा नव्हे. चातुर्मासासाठी पंचांगांतही गौण मुहूर्त दिलेले असतात, आणि त्या महिन्यांत जागा सहज मिळते.

मानपानाबद्दल एवढंच की १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याला लग्न छोटं की मोठं याने फरक पडत नाही. 'आम्ही हॉल नको म्हणतो, त्याचे पैसे मुलाच्या खात्यावर टाका' ही मागणी साधेपणाच्या नावाखाली होते आहे. तो हुंडाच आहे, आणि देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न: 'बोलावलं नाही तर माणसं तुटतील.' याला कायद्यात उत्तर नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. त्या लग्नांत न बोलावलेल्यांनी राग धरला नाही, कारण नियम सर्वांना सारखा होता. यादी करताना हेच सूत्र ठेवावं. सख्खे काका-मामा-आत्या-मावश्या घ्यायच्या तर दोन्हीकडच्या सगळ्या घ्यायच्या, चुलत-मावस नाही तर कुणाचेच नाहीत. एका चुलतभावाला बोलावून दुसऱ्याला वगळलं की रुसवा येतोच, आणि तो बरोबरही असतो. ज्यांना बोलावता येत नाही त्यांना पत्रिका पाठवू नये. फोन करावा, तोही आईवडिलांनी नव्हे, वधूवरांनी स्वतः. केळवणाची रीत इथे फार उपयोगाची आहे. काकूच्या घरी जाऊन तिच्या हातचं जेवलं, निवांत गप्पा झाल्या, तर हॉलच्या स्टेजवर रांगेत उभं राहून फोटो काढण्यापेक्षा तिचा मान जास्त राखला जातो.

आईवडिलांची बाजू मात्र हलक्यात घेऊ नये. त्यांनी तीस वर्षं लोकांच्या घरची लग्नं खाल्लेली असतात आणि ती परतफेड त्यांना मनापासून करायची असते. गावी नंतर एक साधं जेवण, सत्यनारायण किंवा गोंधळ ठेवला तर ते त्यांच्या हौसेने होऊ द्यावं. तिथे मुलांनी मेनूत हात घालू नये. आणि हे सगळं बोलणं स्थळ पक्कं झाल्याच्या आठवड्यात व्हायला हवं, हॉलची आगाऊ रक्कम भरण्याआधी, कारण ती सहसा परत मिळत नाही.