‘प्रॉब्लेम’ म्हणजे नेमकं काय? रोज तोंडी असलेल्या एका शब्दाचे अनेक अर्थ

सकाळची वेळ. मुलुंड स्टेशनवर गाड्या उशिराने धावत असल्याची घोषणा होते. ‘तांत्रिक बिघाडामुळे’ असं स्पीकरवरून सांगितलं जातं. फलाटावरचा माणूस मात्र ऑफिसला फोन लावून म्हणतो, “सिग्नलचा प्रॉब्लेम आहे, उशीर होईल.” पलीकडून उत्तर येतं, “नो प्रॉब्लेम.”

एकाच संभाषणात शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा. पहिल्यांदा बिघाड, दुसऱ्यांदा ‘हरकत नाही’. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, मुंबईच्या उपनगरांत कुठेही गेलं तरी हा शब्द दिवसभर कानावर पडतो. मग त्याचा खरा अर्थ कोणता?

शब्द आला कुठून?

‘प्रॉब्लेम’चं मूळ ग्रीक ‘प्रोब्लेमा’ या शब्दात आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘पुढे टाकलेली गोष्ट’. लॅटिन आणि फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ संकट असा नव्हता. चर्चेसाठी किंवा सोडवण्यासाठी पुढे ठेवलेला अवघड प्रश्न, कोडं, असा होता. गणिताच्या पुस्तकात तो आजही याच अर्थाने भेटतो.

गंमत म्हणजे ‘समस्या’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. समस्या म्हणजे मुळात श्लोकाचा दिलेला एखादा तुकडा. उरलेला श्लोक कवीने रचून पुरा करायचा. त्यालाच समस्यापूर्ती म्हणतात. म्हणजे दोन्ही शब्द आधी कोडं होते आणि नंतर डोकेदुखी झाले.

मराठीत त्याची किती रूपं?

मराठीत ‘प्रॉब्लेम’ पुल्लिंगी झाला. ‘मोठा प्रॉब्लेम’, ‘दोन प्रॉब्लेम’, ‘प्रॉब्लेममुळे’ असा तो सहज चालतो. पण प्रत्येक ठिकाणी त्याच्या जागी वेगळा मराठी शब्द बसतो.

• ‘लिफ्टला प्रॉब्लेम आहे’ : बिघाड
• ‘पैशांचा प्रॉब्लेम आहे’ : चणचण
• ‘पाण्याचा प्रॉब्लेम आहे’ : टंचाई, कमी दाब किंवा गढूळ पाणी
• ‘पोटाचा प्रॉब्लेम आहे’ : विकार, त्रास
• ‘मी इथे बसलो तर प्रॉब्लेम आहे का?’ : हरकत
• ‘दोघांत काहीतरी प्रॉब्लेम आहे’ : वाद, बेबनाव
• ‘तुझा प्रॉब्लेम काय आहे?’ : हा प्रश्न नव्हे, भांडणाची सुरुवात

मुंबईच्या बोलीत याच्या जोडीला ‘लोचा’, ‘झोल’ आणि ‘लफडं’ही आहेत. ‘लोचा’ म्हणजे गडबड किंवा गुंता. २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ चित्रपटामुळे ‘केमिकल लोचा’ मुंबईबाहेरही पोहोचला. ‘झोल’मध्ये फसवाफसवीचा वास असतो, ‘लफडं’मध्ये भानगडीचा. ‘प्रॉब्लेम’ला असा कुठलाच वास नाही, म्हणूनच तो सभ्य मानला जातो आणि कुठेही चालतो.

इंग्रजीत बोलताना काय लक्षात ठेवावं?

मराठीत ‘मला प्रॉब्लेम आहे’ एवढं पुरतं. इंग्रजीत मात्र एकाच अडचणीबद्दल बोलताना आधी ‘अ’ लागतो : ‘आय हॅव अ प्रॉब्लेम’. ‘ट्रबल’ त्रास या अर्थाने येतो तेव्हा सहसा तसा ‘अ’ लागत नाही. ‘इश्यू’ हा शब्द मुळात चर्चेचा मुद्दा सांगतो, तरी आज तो ‘प्रॉब्लेम’चा मवाळ पर्याय म्हणूनही वापरतात. आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी ‘आय हॅव अ प्रॉब्लेम विथ धिस’ म्हटलं, तर तो बहुधा मदत मागत नसतो, आक्षेप घेत असतो.

शब्द लपवतो तेव्हा

या शब्दाचं आणखी एक काम आहे, ते म्हणजे आडपडदा. मराठी घरांत पाळीला ‘अडचण’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे. आता कित्येक मुली ‘प्रॉब्लेम आहे’ म्हणतात. शब्द बदलला, संकोच तोच राहिला. मूल न होणं, नोकरी जाणं, नवऱ्याचं दारू पिणं, मन खचणं, हे सगळंही ‘घरी थोडा प्रॉब्लेम आहे’ या एका वाक्यात गुंडाळलं जातं.

शेजाऱ्याला सगळं सांगायची गरज नसते, तिथे हा आडपडदा उपयोगी पडतो. पण मदत मागताना तोच आड येतो. डॉक्टरांना ‘पाळीचा प्रॉब्लेम’ एवढंच सांगितलं, तर पाळी चुकली, रक्तस्राव जास्त होतो की पोटात दुखतं, हे कळत नाही. तिन्हींची कारणं आणि उपचार वेगळे असू शकतात.

महापालिकेच्या तक्रारीचंही तसंच. १९१६ या क्रमांकावर किंवा वॉर्ड ऑफिसमध्ये, मग ते घाटकोपरचं एन असो वा मुलुंडचं टी, ‘पाण्याचा प्रॉब्लेम’ ही अर्धीच तक्रार झाली. ‘तीन दिवस पाणी गढूळ येतंय, फक्त आमच्याच इमारतीत’ असं सांगितलं की शोध कुठून सुरू करायचा ते समजतं. मन खचलं असेल तर ‘टेलि-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे. तिथे ‘झोप येत नाही, कशातच लक्ष लागत नाही’ असं साध्या शब्दांत सांगता येतं.

मग हा शब्द वापरायचा नाही का?

जरूर वापरायचा. तो आता मराठीचाच झाला आहे. फक्त समोरचा मदत करू शकणारा असेल, तर ‘प्रॉब्लेम आहे’ यानंतर आणखी एक वाक्य हवं : काय होतंय, कधीपासून आणि कुठे. आणि जवळचं माणूस ‘काही नाही, थोडा प्रॉब्लेम आहे’ म्हणालं, तर लगेच ‘नो प्रॉब्लेम, होईल ठीक’ म्हणून मोकळं होण्याआधी एकदा विचारावं, “नेमकं काय झालंय?”