कुंभारीच्या उन्हात ऑर्गन

मे महिन्यात सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने कुंभारीला निघालात तर पारा सहज 42 अंशांवर असतो. चर्चमधला पाइप ऑर्गन इथे आणला तर? 22 अंशांना लावलेल्या नळ्यांचा सूर चढेल. पेटीच्या दोन लगतच्या सुरांतल्या अंतराच्या निम्म्याहूनही थोडा जास्त! नळीत कंप पावते ती हवा, आणि तापलेल्या हवेत ध्वनी वेगाने धावतो. नळीची लांबी मात्र जवळपास तेवढीच राहते.

आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन वेगळा. त्यात नळ्या नसतात, पितळी पत्त्या असतात. पत्तीचा सूर तिच्या लांबी-जाडीवर ठरतो, त्यामुळे तो उन्हाला फारशी दाद देत नाही. दौऱ्यावरच्या नाटक मंडळीला हेच परवडणारं! भाता पायांनी चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे. पेटी बहुधा हवा बाहेर ढकलते, हा ऑर्गन ती आत ओढतो; नाद मऊ येतो तो त्यामुळेही.

बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असत. पट्टी दाबलेली असेपर्यंत ऑर्गनचा सूर टिकतो. गायकाने श्वास घेतला तरी मागचा सूर तुटत नाही.