विषवाणिज्य आणि व्यापाऱ्याचा विवेक

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या हंगामाने कृषी सेवा केंद्र चालविणाऱ्या श्रावकापुढे एक जुनाच प्रश्न नव्याने ठेवला : जे विकणे मनाला पटत नाही, ते विकण्यास दुकानदाराला नकार देता येतो का?

शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रसंगी, उपभोग-परिभोग परिमाण या सातव्या व्रताच्या अनुषंगाने पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. श्रावकाने ती जाणावीत, आचरू नयेत. दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य यांच्या जोडीने त्यांत विषवाणिज्यही आहे.

कायदाही विवेकाला जागा देतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आहे. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. जहाल कीटकनाशक दुकानात ठेवायचेच नाही, असे ठरविणारा व्यापारी कोणाचाही हक्क हिरावून घेत नाही. परंतु अनुच्छेद 15(2) नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानात प्रवेश नाकारता येत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल वा सेवा नाकारणे हा तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 अन्वये गुन्हा आहे. म्हणून एखादी वस्तू नाकारायची, तर ती सर्वांनाच नाकारावी. तीच वस्तू एकाला देऊन दुसऱ्याला नाकारली, तर तिथे व्रत उरत नाही, भेदभाव उरतो.

तरीही नकाराने कर्तव्य संपत नाही. उभ्या कपाशीवर बोंडअळी पडलेला शेतकरी शेजारच्या दुकानातून तेच औषध नेणार. त्याच्यासाठी निंबोळी अर्क आणि कामगंध सापळे ठेवता येतात. यानेही कीटक मरतात, हिंसा पूर्ण टळत नाही. पण फवारणाऱ्या मजुराच्या जिवाचा धोका बराच कमी होतो. ज्यांना हा व्यापार लगेच सोडता येत नाही, त्यांनी डब्यावरील लाल त्रिकोणाचा अर्थ ‘अत्यंत विषारी’ असा समजावून सांगावा आणि हातमोजे, मास्क घेतल्याखेरीज औषध देऊ नये.

अशा नकाराने गल्ला घटतो, हे खरे. ती तूट व्यापाऱ्याने स्वतः सोसावी. तिचा भार शेतकऱ्यावर पडू देऊ नये. व्रताची कसोटी तिथेच लागते.